चिमणीचा उलटा फोटो

४ मार्च

दुरुस्तीवाल्याचा आज पुन्हा फोन. "अहो डॉक्टर, तुमच्या धाकट्याची गिटार कधीची तयार आहे. खुंटीला टांगून ठेवलीय. न्या की आता. या, एक गंमतही दाखवतो." माझं चष्म्यांचं दुकान, मी कसला डॉक्टर, पण हा माणूस पहिल्या दिवसापासून मला त्याच नावाने हाक मारतो. येतो म्हणालो. जाणार नाही. धाकट्या भावाला जाऊन वर्ष होत आलं. त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्तीला टाकलेली वस्तू त्याच्याशिवाय घरी आणायची, हे मला जमत नाही. हल्ली मी त्या गल्लीतूनही जात नाही.

"कुणाचा फोन?" ताईने विचारलं. म्हटलं, गिऱ्हाईक. ताई माझी मोठी बहीण. ती माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे, यावर आमचं एकमत नाही.

११ मार्च

आज आणखी एक ठग पकडला. जुनी गिटार म्हणून तीन फोटो टाकले होते. दोन फोटोंत लाकडाच्या चकाकीत चौकोनी खिडकी दिसते, तिसऱ्यात गोल दिवा. म्हणजे दोन घरं, दोन गिटारी आणि एक चोर. बोली वाढवणारेही त्याचेच सगेसोयरे, सगळ्यांची खाती एकाच दिवशी उघडलेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, भिंग हाताशी होतं, तासाभरात निकाल लावला.

ऑनलाइन लिलावातल्या अशा ठगांना उघडं पाडायला मी जे पान चालवतो, त्यावर लगेच कौतुक सुरू झालं. एकाने लिहिलं, "काका, तुमची नजर म्हणजे घारीची नजर." ताईला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत म्हणाली, "घारीला सगळीकडे उंदीरच दिसतात."

पानावर मी एक नियम ठेवलाय. पुराव्याशिवाय कोणाचं नाव घ्यायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपल्याकडे होता कामा नये.

१४ मार्च

ताई विचारते, हे नसते उद्योग कशाला? तिला उत्तर दिलं नाही. इथे लिहितो.

आमच्या बाबांकडे एक चिमणी होती. चिमणी म्हणजे गिटारच. एक कारागीर होता, तो प्रत्येक गिटारच्या पोटात, भोकातून डोकावलं तर दिसेल अशी, तापलेल्या सळईने एक छोटी चिमणी काढायचा. म्हणून त्याच्या गिटारींना सगळे चिमणी म्हणतात. थोड्याच केल्या त्याने. बाबांच्या चिमणीवर आधी मी शिकलो, मग धाकटा, तेही रोज भांडून. बाबा गेल्यावर ती घरातून गेली. धाकट्याने तिचं नाव आयुष्यभर सोडलं नाही.

आजारपणात तर त्याने ध्यासच घेतला. "दादा, एकदा फक्त मांडीवर घ्यायचीय." मग मी लिलावात एक चिमणी जिंकली. पैसे भरले, खोकं आलं. त्याला उशांचा टेकू देऊन बसवलं, कारण त्याच्यासमोरच उघडायचं असा त्याचा हट्ट होता. आत जुन्या घोंगडीत गुंडाळलेले खुर्चीचे मोडके पाय निघाले. मी घोंगडी दोनदा झटकून बघितली. धाकटा मात्र हसला. म्हणाला, "दादा, ह्याला तारा लाव, वाजेल."

पुढच्याच आठवड्यात तो गेला. ते खोकं अजून कपाटावर आहे. ताईने दोनदा टाकायला काढलं, दोनदा मी परत वर ठेवलं.

१९ मार्च

चिमणी आली आहे लिलावात!

सकाळी दुकान उघडायच्या आधी बघितलं आणि हातातला चहा तसाच राहिला. भोकाच्या उजव्या बाजूला एक जळका डाग आहे, कोणीतरी सिगारेट टेकवलेली असावी. आमची नव्हे ती, आमच्या चिमणीला डाग नव्हता. पण चिमणी खरी दिसते. बोली अगदी कमी किमतीपासून सुरू. विकणाऱ्याचं खातं नवं कोरं, नाव 'घरातलं जुनं सामान'. नवं खातं, कमी किंमत, दुर्मिळ वस्तू. दुधाने तोंड पोळलेला मी, हे ताक फुंकूनच पिणार.

तरी दिवसभर लक्ष तिच्यातच होतं. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच नंबरची काच बसवून दिली.

२० मार्च

विकणाऱ्याला लिहिलं: आजचा पेपर गिटारला टेकवून फोटो पाठवा, तारीख दिसली पाहिजे. शिवाय व्हिडिओवर गिटार दाखवा.

उत्तर एका बाईचं आलं. "भाऊ, मला ह्यातलं फारसं कळत नाही. आधीचे फोटो भाचीने मागे कधी काढलेले होते, तेच टाकले. गिटार ह्यांची आहे. पेपरचा फोटो शेजारच्यांकडून काढून घेते. व्हिडिओ मात्र नको. ह्यांना आता कोणी बघितलेलं आवडत नाही."

मी लिहिलं, मला तुमच्या यजमानांना नाही, गिटारला बघायचंय. तर म्हणे, "ती त्यांच्या पलंगावरच असते."

आजारी नवरा आला. भाची आली. ठगांच्या घरी एक भाची नेहमी असते.

२३ मार्च

फोटो आला आणि माझी खात्रीच पटली. गिटार उभी करून समोरून बघितली की जाड तारा डावीकडे असतात. पहिल्या फोटोत तशाच आहेत. पेपरवाल्या फोटोत जाड तारा उजवीकडे! फोटो उलटा केलाय. ही जुनी युक्ती आहे. चोरलेला फोटो आरशातल्यासारखा फिरवला की शोधयंत्राला मूळ फोटो सापडत नाही. पेपरवरची अक्षरं सरळ आहेत, म्हणजे पेपर नंतर चिकटवला. तो जळका डागही आहे तसाच, उजवीकडे. म्हणजे त्याच गिटारचा चोरलेला फोटो.

ताईला दाखवलं. तिने चष्मा वर-खाली करून बघितलं. "डावखुरा असेल रे तो माणूस."

"मग पहिल्या फोटोत उजवखुरा कसा? माणसाचा हात काय मध्येच बदलतो?"

"मला नाही कळत त्यातलं," ती म्हणाली. "त्या बाईने उत्तरं मात्र किती नीट दिलीत."

नीटच देणार. त्याच्यावरच पोट आहे त्यांचं. खरं सांगायचं तर मला राग कमी आणि रडूच जास्त येत होतं. ती खरी असती तर?

२६ मार्च

बाईंनी गिटार लिलावातून काढून घेतली. मला वेगळा निरोप: "भाऊ, सध्या थांबा. आधी जमेना तेव्हा चिडून विकून टाक म्हणाले होते. आता बोटं बसायला लागलीत. ते वाजवताहेत तोवर कशी विकू?"

भाव वाढवायची तऱ्हा. आधी दाखवायचं, मग लपवायचं. मी उत्तर दिलं नाही. तरी दिवसातून दोन-तीनदा तिचं पान उघडून बघतो, ते कशासाठी, मलाच ठाऊक नाही.

१ एप्रिल

"भाऊ, आता त्यांच्याने वाजवणं होत नाही. तुम्ही इतकं बारकाईने विचारत होता म्हणून तुम्हालाच कळवते. या आणि एकदा त्यांच्यासमोर वाजवून दाखवा, पैशाचं नंतर बघू. ती चांगल्या हातात कशी वाजते ते त्यांना ऐकायचंय. पण लवकर या." खाली पत्ता. नदीपलीकडचा.

लवकर! घाई करणारा ठगच असतो, हे मी माझ्या पानावर किती वेळा लिहिलंय. पैशाचं नंतर बघू म्हणणारे तर पक्के. आपण हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम मागतात. पत्ता नकाशावर टाकून रस्त्याचा फोटो बघितला. त्या नंबरला एका लाँड्रीचं शटर आहे, बंद, गंजलेलं. राहायला घर दिसतच नाही.

ताई म्हणाली, "बसने अर्धा तास. जाऊन ये ना. नसेल तर परत ये."

"असंच बोलावतात, ताई."

"बोलावून काय करतील? तुझे चष्मे काढून घेतील?"

मी ताट बाजूला सारलं. माझ्या ताटातलं उरलेलं तिने झाकून ठेवलं. सकाळी खाईन मी ते.

३ एप्रिल

आज सगळं पानावर टाकलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, तारांवर लाल गोल, शटरचा फोटो, बाईंचे निरोप. मथळा दिला: 'आजारी नवऱ्याची चिमणी'. लिहिताना धाकट्याचा चेहरा डोळ्यांसमोर होता. खोकं उघडताना त्याने हात कसे पुढे केले होते, ते. त्याचं काहीतरी देणं फेडतोय असं वाटत होतं.

दुपारपर्यंत लोक तुटून पडले. कितीतरी जणांनी बाईंना थेट लिहिलं. एकाने लिहिलं, तुझा नवरा मेला तर खुर्चीचे पाय वाजव. ते वाचून जरा कसंतरी झालं. खुर्चीच्या पायांची गोष्ट मीच पानावर सांगितली होती.

५ एप्रिल

साइटने तिचं खातं बंद केलं. अभिनंदनाचा पाऊस. बंद व्हायच्या आधी तिचा मला एक निरोप येऊन पडला होता. "भाऊ, हे लोक असं का लिहितायत? तुम्ही येताय ना? विचारतायत ते."

शेवटपर्यंत सोंग सोडलं नाही. मानलं पाहिजे.

ताईने आज पानाबद्दल एक शब्द काढला नाही. मी विजय मिळवून आलोय आणि घरात कोणी दार उघडत नाही, असं काहीसं वाटलं.

२७ एप्रिल

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. उद्या धाकट्याला जाऊन वर्ष होईल. सकाळी ताई म्हणाली, "त्याची गिटार आण. त्या दिवशी तरी ती घरात असू दे. तू जाणार नसशील तर मी जाते." तिचे गुडघे दुखतात. मी गेलो.

दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं तसंच आहे, सरसाचा आणि भुश्श्याचा वास. धाकट्याची गिटार खुंटीला. आणि खाली टेबलावर चिमणी. भोकाच्या उजव्या बाजूला जळका डाग. जाड तारा उजवीकडे.

दुरुस्तीवाला बोलत होता. "हीच ती गंमत, डॉक्टर. तुम्हाला मार्चात फोन केला ना, त्या दिवशी ही इथेच होती. म्हातारबुवांचा डावा हात गेला, पक्षाघातात. डावा म्हणजे तारा दाबायचा. आपण असतो तर गिटार माळ्यावर टाकली असती. हे म्हणाले, उलटी करून दे. उजव्याने दाबतो, डाव्याने नुसतं वरून झाडल्यासारखं करतो, खांद्यातून तेवढा हलतो अजून. मग मी वरची पट्टी नव्याने कोरली, तारा उलट्या लावल्या. तुम्ही आला असता तर वाजवून बघायला तुम्हालाच दिली असती."

"मग आता?"

"आता काय. गेले ना ते, मागच्या महिन्यात... नाही, ह्याच महिन्यात, सुरुवातीला. बाई म्हणाल्या, होती तशी सुलटी करून द्या. उद्या न्यायला येतील."

फोटो उलटा केला असता तर तारांबरोबर डागही डावीकडे गेला असता. हे मला, ज्याचा धंदाच काचा आणि आरसे, त्याला दिसलं नाही. डाग जागेवर आहे हे मी इथे, ह्याच वहीत, पुरावा म्हणून लिहून ठेवलंय.

धाकट्याची गिटार न घेताच परत आलो. ताईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खूप वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

२८ एप्रिल

दुकान बंद ठेवून सकाळीच जाऊन बसलो. दुरुस्तीवाल्याने तारा सुलट्या केल्या होत्या. बाई दुपारच्या आधी आल्या. ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गिटारची खोळ घडी करून. मला वाटलं होतं, त्यांना बघितल्याबरोबर बोलून टाकीन. उठून नुसतं स्टूल पुढे सरकवलं.

"आवाज बघून घ्या," दुरुस्तीवाला त्यांना म्हणाला. "हे डॉक्टर वाजवतील. माझ्यापेक्षा यांचा हात गोड आहे."

वर्षभर मी तारेला हात लावला नव्हता. बाबांनी शिकवलेली पहिली चाल तेवढी बोटांना आठवत होती. तीच वाजवली. मान खाली होती, म्हणून भोकाच्या आतली चिमणी दिसत होती. बाई स्टुलावर बसून ऐकत होत्या, हात मांडीवर ठेवून.

संपल्यावर म्हणाल्या, "हेच ऐकायचं होतं ह्यांना. एक गृहस्थ येणार होते. लिलावात भेटले होते, फार बारकाईने विचारायचे. हे म्हणायचे, इतकं विचारतोय म्हणजे खरा शौकीन आहे, तो येईल. मग कोण जाणे काय झालं, लोक वाटेल ते लिहायला लागले. मी ह्यांना दाखवलं नाही. त्या भल्या माणसालाही कोणीतरी आमच्याबद्दल वाईटसाईट सांगितलं असेल. हे मात्र शेवटपर्यंत दाराकडे बघत होते."

"तो मीच," मी म्हणालो. "लिहिलं तेही मीच. तुमचा फोटो खोटा आहे असं मला वाटलं."

दुरुस्तीवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी धाकट्याचं सांगायला लागलो, खोक्याचं, खुर्चीच्या पायांचं, आणि अर्ध्यात थांबलो, कारण ते सगळं खरं असूनही निलाजरं वाटत होतं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग एकदा का नाही आलात? बसने अर्धा तास तर आहे."

त्यांनी गिटार खोळीत घातली, दुरुस्तीवाल्याला नमस्कार केला आणि गेल्या. मी धाकट्याची गिटार खुंटीवरून काढली. ताईने ती दिवसभर धाकट्याच्या पलंगावर ठेवली.

३० एप्रिल

पानावर खरं काय ते लिहिलं, लाल गोलांसकट. आधी टाळ्या वाजवणारेच आता मला शिव्या देतायत. देऊ देत. एकाने लिहिलं, काका, चूक कोणाकडूनही होते, सोडून द्या. त्याचाच राग आला. संध्याकाळी पान बंद केलं. कपाटावरचं खोकं ताईने खाली काढलं, मी या वेळी परत वर ठेवलं नाही.

४ मे

आज बसने गेलो, धाकट्याची गिटार पाठीला लावून. निघताना ताईने विचारलं, "काय सांगशील त्यांना?" म्हटलं, काही नाही, त्यांनी हाकललं तर परत येईन. "जा," ती म्हणाली.

लाँड्रीचं शटर नकाशावर दिसलं होतं तसंच, बंद, गंजलेलं. त्याला लागूनच एक बोळ आहे आणि बोळात वर जाणारा जिना. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत तो दिसणं शक्यच नाही. जिन्याला जुना लाकडी कठडा डावीकडे आहे. उजवीकडे एक लोखंडी नळी नव्याने बसवलेली, भिंतीवरचं सिमेंट अजून पांढरं. डावा हात गेलेल्या माणसाला वर चढता यावं म्हणून. ती धरूनच मी वर गेलो.

दार बाईंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग पाठीवरच्या गिटारकडे. त्या दारातून बाजूला झाल्या.

एकच मोठी खोली. खिडकीपाशी पलंग, वरची चादर ताणून घातलेली, चिमणी भिंतीला टेकवून उभी. पलंगाच्या अगदी जवळ एक खुर्ची होती, हात नसलेली, तिच्यावर दुमडलेली उशी. खुर्चीचं तोंड पलंगाकडे. झोपलेल्या माणसाला वाजवणाऱ्याची बोटं दिसावीत अशी कोणीतरी बेताने मांडलेली.

मी उभाच होतो. बाईंनी खुर्चीकडे हात केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच मांडली होती. काढायची राहून गेली."